साक्षीदार

पोलादाच्या ह्या तुकड्यांना आम्ही साक्षीदार म्हणतो.
करंगळीएवढे, मधोमध एक खाच.
अणुभट्टी उभी राहिली तेव्हा
तिच्याच धातूतून कापून तिच्याच पोटात ठेवलेले,
भिंतीला जे सोसावं लागेल ते ह्यांनीही सोसावं म्हणून.

काही वर्षांनी एक डबा वर येतो.
जाड काचेपलीकडे, यंत्राच्या चिमट्यानं
मी एकेकाला ऐरणीवर आडवं करते,
लोलकाचा हातोडा सोडते,
तुटताना त्यानं किती जोर खाल्ला तेवढं वहीत मांडते.
तरुण पोलाद तुटण्याआधी वाकतं, चिवटपणे, कुरकुरत.
म्हातारं
काच फुटावी तसं.

यंदाचा शेवटचा तुटला तेव्हा
झारुही म्हणाली, "आवाज ऐकलास?"
मी म्हटलं, आकडा बघ. आकडा मर्यादेत आहे.
मर्यादेच्या किती आत, ते तिनं विचारलं नाही.

आणखी दहा वर्षं मागितली आहेत.
येरेवानहून आलेल्या फाइलीत, चौदाव्या पानावर
एक रिकामी ओळ माझ्या नावाची.

घरी आईला सांगितलं.
ती जर्दाळूच्या बिया फोडत बसली होती,
तिचाही एक हातोडा, छोटा, दांड्याला चिंधी गुंडाळलेला.
वर न बघता म्हणाली, "खाली जमीन बघ."

आमच्या बैठकीची अर्धी जमीन लाकडी आहे, अर्धी सिमेंटची.
भूकंपानंतर भट्टी बंद केली होती. मागून आले ते काळोखे हिवाळे.
बाबांनी पहारीनं एकेक फळी उचकटली
आणि पत्र्याच्या शेगडीत घातली.
फळ्यांनंतर बुटांचं कपाट,
कपाटानंतर रस्त्यावरचे पॉप्लर, सगळ्या गल्लीनं मिळून.
वीज दिवसाला एक तास यायची, कधी पहाटे तीनला,
आणि आई अंथरुणातून उठून
पाव, इस्त्री, आमच्या आंघोळी, सगळं त्या तासात कोंबायची.
मी सात वर्षांची. दिवा लागला की झोपेतच टाळ्या वाजवायचे.
फळ्या नंतर घेता आल्या असत्या.
"राहू दे," आई म्हणते, "नाहीतर विसरायला होतं."

पोलादालाही विसरायला लावता येतं.
भट्टीच्या पोटात तापक उतरवायचा,
पावणेपाचशे अंश, सहा दिवस,
की धातू इतक्या वर्षांचा मार बराचसा विसरतो.
बराचसा.
हा शब्द मी अहवालात तीनदा लिहिला,
साहेबांनी दोनदा खोडला.

पण काँक्रीट असं तापवता येत नाही.
केबलींची वाळलेली कातडी तापवता येत नाही.
आणि खालची जमीन?
उत्तरेला मावशीची शाळा होती,
डिसेंबरातली सकाळ, अकरा एक्केचाळीस,
ती फळ्यावर भागाकार मांडत होती.
जमीन कुणाला सांगून हलत नाही.

कामावर जाताना खांबाखांबावर करकोचे दिसतात,
मनोऱ्यांच्या वाफेकडे पाठ करून, पिल्लं वाढवत.
शेजारचे होव्हिक शपथेवर सांगतात,
तारा मेल्या होत्या त्या वर्षांत
एकही पिल्लू तारेला चिकटून गेलं नाही.
होव्हिक तळ्यात मासे पाळतात.
पंप दोन तास बंद पडला तर
सगळे पोट वर करून तरंगतात, हेही तेच सांगतात.

आज सही केली.
दहावर काट मारून पाच लिहिलं,
खाली लिहिलं, मग पुन्हा डबा वर काढावा.
साहेब बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.
"भट्टीत डबे किती उरलेत, माहीत आहे ना?"
माहीत आहे. दोन.
त्यानंतर विचारायला कुणी नाही.

रात्री जाग आली.
जिन्यातला दिवा आईनं लावून ठेवलेला,
रोजच ठेवते.
मी उठून बंद केला.
आडवी होते न होते तोच
तिच्या सपाता वाजल्या,
आणि दाराखालून उजेडाची पट्टी
पुन्हा सिमेंटवर आली.