उसनवारी

थ्रेलफॉलचा डावा गुडघा मला त्याच्याआधी भेटला,
हार्टलपूलहून आलेल्या फाइलमध्ये.
माणूस नंतर आला, मंगळवारी, भिजलेला.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,
याचं फिएस्टाच्या डिकीत:
बुटांचे तीन जोड, इस्त्री, लेकीनं काढलेला घोडा.

सोळा वर्षांत अकरा क्लब.
त्यातल्या चौघांनी तर नुसता उसना नेला,
शेजारणीनं वाटीभर साखर न्यावी तसा,
आणि मार्चमध्ये परत केला,
शीग मोडलेली.

मिडफिल्डमध्ये तो नेमकं काय करतो
हे मला दोन हंगाम कळलं नाही.
गोल नाही, आरोळी नाही.
चेंडू आला की लगेच दुसऱ्याच्या स्वाधीन,
जणू कुणाचं तान्हं हातात आलंय
आणि आपल्याला सर्दी आहे.
तो नसला की मात्र
मोरकमच्या खाडीवरचा वारा
थेट मैदानाच्या मधोमध येऊन बसायचा.

मे महिन्यात मॅनेजरनं आत बोलावलं.
चार मिनिटं.
बाहेर येऊन म्हणाला, "टेप उरलीय का गं थोडी?
गाडीचा आरसा निखळलाय."
मी अख्खं रीळ दिलं.

नोव्हेंबरात ड्रेसिंगरूमचा बॉयलर बसला.
कंपनीनं माणूस धाडला.
ओल्या फरशीवर उताणा, तोंड पाइपांखाली.
गुडघ्यावरूनच ओळखलं:
खाली टॉवेलची वळकटी,
मी शिकवली होती तशीच, घट्ट.

पाणी तापलं.
पोरं आली चिखलानं माखलेली,
आणि त्याच्या पायांवरून उड्या टाकत
शॉवरकडे पळाली.