सूल

आमच्याकडे म्हणतात, अर्धशिशी सूर्याबरोबर चढते
आणि सूर्याबरोबर उतरते.
हे मी तोरगुनला सांगितलं कॉफीच्या सुट्टीत,
वार्डोच्या मासळी संस्थेच्या कचेरीत,
वर हेही, की दिवस उगवायच्या आत
दुधात जिलेबी बुडवून खावी.
ती हसली, मग हसण्यानंच ठणकलं म्हणून थांबली.
भुवईवर अंगठा दाबून म्हणाली,
इथे तो मे महिन्यात उगवलाय,
मावळेल जुलैच्या शेवटी.
कुठल्या दिवसाच्या आत खाऊ?

त्या सकाळी तिच्यापुढे कॉडची तीनशे खोकी होती,
म्हणजे खोकी नव्हेत, खोक्यांच्या ओळी,
पांढऱ्यावर काळ्या, सरकत्या.
अकराच्या सुमारास एका ओळीतला सात नाहीसा झाला.
मग शेजारचं शून्य.
मग त्या भोकाच्या काठाला दाते फुटले,
करवतीसारखे, चमचमते,
आणि करवत हळूहळू डावीकडे निघाली.
पहिली वीस मिनिटं, ती म्हणते,
जवळजवळ सुंदर असतात.
मग खिळा.

मेंदूचा डॉक्टर ट्रोम्सोला, वाटेत सगळा समुद्र,
म्हणून तोही स्क्रीनवरच भेटला:
ओठ आधी, आवाज मागून.
'स्क्रीन जरा कमी,' म्हणाला
आणि तिथेच गोठला,
तोंड उघडं, हात हवेत.
चार मिनिटं ती त्याच्याकडे बघत बसली,
डोळे मिटणं उद्धटपणाचं दिसेल का
या विचारात.

कमी कुठून करायची?
बँक तिथे, बोटीची वेळ तिथे,
विजेचं बिल, वाऱ्याचा जोर,
बुडालेल्या भावाचे फोटोही तिथेच.
रात्री पांघरुणात शिरून, उजेड अगदी तळाला नेऊन
स्क्रीननं डोकं का दुखतं
हे ती शोधते
स्क्रीनवर.
विहिरीत पडलेल्यानं दोर शोधायला
आणखी एक बुडी मारावी, तसं.
कुणी म्हणतं उजेड, कुणी म्हणतं मान,
कुणी म्हणतं जुनं चीज.
खात्रीनं कुणीच काही म्हणत नाही.

आणि मात्तिस.
लेकीचा मुलगा, सहा वर्षांचा,
पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, पुंता आरेनासला.
शनिवारी रात्री हिचा एक, त्याचे आठ.
तिथे हिवाळा, दिवस कधीच बुडालेला,
इथे खिडकीत ऊन.
आठवडाभराच्या ओळींनी शिणलेले डोळे;
हाक येईपर्यंत करवत पोचलेली असते.
एक डोळा, अर्धं हसू, एक कान.
'किती मोठा झालास,' ती म्हणते
त्या अर्ध्याला,
आणि फोन ठेवून बादली जवळ ओढते.

परवा मात्र तिनं फोन
लोकरीच्या मोज्यात कोंबला.
'आजी, तू काळी झालीस!'
'मोज्यात आहे मी.'
पलीकडे खिदळणं, आणि आईला हाका.
मग, 'माझा दात पडला. बघ ना.'
'बघत नाही. ऐकते. सूल म्हण.'

सूल म्हणजे त्यांच्याकडे सूर्य.
तो म्हणाला,
आणि समोरच्या फटीतून वारा निसटला:
शूल.
पुन्हा म्हण.
शूल.

सोमवारी हे मला सांगताना
तिनं तशीच शीळ घालून दाखवली.
आमच्याकडे त्या शब्दाचा अर्थ काय
ते मी सांगितलं नाही.
खिडकीत तो होताच, शनिवारपासून कुठेच न गेलेला.

'दिसला मला तो दात,' ती म्हणाली.
'नसलेला. अख्खा.'

मग तिनं चष्मा पुसला, मशीन चालू केलं.
कॉड, तीनशे चाळीस खोकी.