भरल्या गाडीचा आवाज

गणपतीत रेवा आली तेव्हा गाडी पहिल्यांदा वाजली.
मागच्या सीटवर ती, जावई, दोन पोरं,
पोरांच्या मांड्यांवर आडवा गौरीचा पाट,
आणि पाळंद्याच्या वळणावर, मागून, खालून, एकदाच —
काय म्हणावं त्याला?
मी म्हटलं, धडक. सुलभा म्हणाली, छे, ठक्, आतल्या आत.
रेवा म्हणाली, बाबा, पोटमाळ्यावर कुणी
असोला नारळ टेकवावा ना, तसं.
जावई म्हणाला, विकून टाका.

मंडळी पुण्याला गेली. आवाजही गेला.
बाजार, बँक, दापोलीचा डोळ्यांचा डॉक्टर,
पुढे आम्ही दोघं, मागे एक पिशवी,
आणि वीस वर्षांची सॅन्ट्रो अशी शहाणी
जसं काही हिने कधी तोंडच उघडलं नाही.
रविवारी फोनवर ख्यालीखुशालीच्या आधी तोच प्रश्न:
गेला का आवाज?
वाजतच नाही, तर गेला कसा म्हणू?

हर्णैच्या निसार मुरुडकरने चार दिवस ठेवून घेतली.
चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिलं,
सायलेन्सरला बुक्की मारून कान दिला,
पत्र्याखालचा गंज नखाने खरवडला —
"समुद्र खातो काका, पण तो गपचूप खातो."
डिकीतला जॅक चिंधीत गुंडाळला, स्टेपनी आवळली.
फिरवून आणली. गप्प.

मग रॉकेलने हात धूत त्याने विचारलं
जे मला कुणीच विचारलं नव्हतं:
"वाजली तेव्हा आत होतं कोण कोण?"
मी सांगितलं. त्याने बोटांवर मोजलं,
पोरांची वजनं विचारली, पाटाचंसुद्धा.
"मग तेवढी माणसं आणा."

मंगळवारी, सकाळी अकराला, कुठून आणायची माणसं?
चहावाला सुफियान आला, किटली हातातच.
शेजारचा वेल्डर शिगवण,
तो एकटाच म्हणजे जावई अधिक अर्धी रेवा.
द्रौपदा पावसे आसूदला निघालेली, एस.टी. चुकलेली,
"फुकाट सोडतस? मग वाजूदे किती वाजायचंय ती."
सुलभा पुढे, तिच्या जागी.
टोपली डिकीत. आणि टोपलीला वळसा घालून
डिकीत खुद्द निसार, गुडघे हनुवटीला,
एक कान पत्र्याला.
"दुसऱ्या गिअरवर चला. डावीकडचा एक खड्डा सोडू नका."

जन्मभर खड्डे चुकवत आलेला मी,
त्या दिवशी एकेक शोधून घेतला.
सुफियान मोजत होता. द्रौपदा पापलेटचा भाव सांगत होती,
शिगवणच्या बरगडीत तिचं कोपर,
आरशात रस्ता दिसेना, नुसती डोकी,
आणि मला उगाच वाटलं, आता कुणीतरी भांडेल
खिडकी माझी म्हणून.

आसूदच्या उतारावर, पोफळींची सावली सुरू होते तिथे —

ठक्.

"आऽऽला!"
गाडीभर एकच ओरड. सुलभाने टाळी वाजवली.
डिकीतून निसार, तोंडात मासळीचा वास घेऊन:
"मागचा डावा. शॉकअपचा वरचा बुश."

अंगठ्याएवढं रबर, मधोमध चिरलेलं.
वजन पडलं की स्प्रिंग दबायची,
दांडी सरकून पत्र्याला टेकायची.
दोघांच्या गाडीत ती तिथवर पोचतच नव्हती.
साडेतीनशे रुपये, मजुरी धरून.

संध्याकाळी खात्रीसाठी पुन्हा भरली,
द्रौपदेला आसूदहून उचललं, रिकाम्या टोपलीसकट.
उताराला सगळे गप्प, श्वास धरून.
काही नाही.
वर जाऊन पुन्हा खाली. काही नाही.
"आता नाय वाजत?" द्रौपदेने विचारलं,
तिचं काही हरवल्यासारखं.
निसार हसला. शिगवण खिडकीबाहेर बघत राहिला.

रविवारी रेवाला सांगितलं, गेला.
शिमग्याला या, चौघंही, मागे बसून बघा.
तर सुलभाने माझ्या हातून फोन घेतला:
आवाज गेला गं, पण डिकीतला बांगड्याचा वास
शिमग्यापर्यंत काही जायचा नाही.