खाल्ल्या मिठाला

हडर्सफील्ड. पहाटेचे तीन, उणे चार.
चढावर माझी गाडी, मागे चकती गरगरते,
रस्त्यावर मीठ. जाडं, विटकरी;
उरणच्या आगरात बाबा ओढायचे तसलं पांढरं नव्हे.
इद्रीस म्हणतो, सावकाश, वळणावर डबल टाक,
पाचला ती दाई याच वाटेनं इस्पितळात जाते.
तिला आमची नावं माहीत नाहीत.
आपण घसरलो नाही, हेही तिला कळत नाही.

परवा डेपोच्या फाटकाशी एकजण ओरडला,
आमचंच खाता!
खातो की.
कर कापून, भाडं देऊन उरतं ते,
इद्रीसचं दाण्याचं कूट लावून माझी भाकरी.

खाल्ल्या मिठाला जागावं, बाबा म्हणायचे.
जागतोच आहे.
टपाल कचेरीपुढचा उतार राहिलाय अजून.