कुणी पाठवलं?

सांग्याला चर्चमागच्या हॉलमध्ये
पहिल्या बैठकीत भांडण जुंपलं ते बॅनरवरून.
आधी नाव महिला मंडळाचं, की देवस्थान समितीचं?
फादर इनासियो म्हणाले, चहा निवतोय.
वाचनालयाकडून मी. माझ्याजवळ फक्त वही.

दुसऱ्या बैठकीला बॅनरच नव्हता.
देवस्थानाची जीप मंगळवारी नुसती उभी असते, हे कळलं.
मडगावच्या केंद्रात मुलांचे डॉक्टर मंगळवारीच बसतात,
हे फिलोमेनाबाईंना सात वर्षं ठाऊक होतं.
कुणी विचारलं नव्हतं.

मी रकाने आखले:
नाव, वाडा, काय हवं, कुणी पाठवलं.

चार महिने शेवटच्या रकान्यात आमचीच नावं.
मंडळानं समितीकडे, समितीनं चर्चकडे,
चर्चनं पुन्हा मंडळाकडे.
वही भरत होती.

मग देवकी वेळीप आली.
काजूच्या कारखान्यातली; बोटं तेलानं काळी,
कडेवर आठ वर्षांचा मुलगा, न बोलणारा,
पाय तिच्या गुडघ्यांखाली लोंबत.

कुणी पाठवलं?
"मीटर बघायला येतो ना, तो.
म्हणाला, बाये, घराला दिवसभर कुलूप,
मग पंखा कुणासाठी फिरतो?"

ती त्याला काही बोलली नव्हती.
पुढच्या महिन्यात बिलाच्या पाठीवर
त्यानंच आमचा नंबर लिहून दिला.

नाव? तिला माहीत नाही.
मी लिहिलं: मीटरवाला.

पुढच्या बैठकीला एक खुर्ची जास्त मांडली.
तो आला नाही.
त्या दिवशी त्याचं रीडिंग होतं,
नेत्रावळीच्या बाजूला.