आता तू

हलमध्ये हिवाळ्यात सकाळी साडेसातलाही अंधारच.
इन्फर्मरीतून मी घरी येते तेव्हा हेरंब
कॅरव्हॅनच्या कारखान्यात पोचलेला असतो.
टेबलावर लॅपटॉप, साय धरलेला अर्धा कप चहा,
आणि गॅसच्या बिलाच्या पाठीवर त्याचं किरटं अक्षर:
माझं झालं. आता तू. तटबंदी काढू नकोस.

राज्य एकच, राज्यकर्ते दोन.
राजधानी कुडाळ. वर मालवण,
आणि बर्फाच्या कडेला, माझ्या हट्टापायी, सावंतवाडी.
धोरणांना खाचा मात्र चारच.
एक घालायचं तर एक उपसावं लागतं.

तटबंदी एकटी बरी. टोळ्या बाहेर थांबतात.
काटकसर एकटी बरी. तिजोरी भरते.
दोन्ही शेजारी ठेवली
की कुडाळात दर दहा फेऱ्यांना एक माणूस कमी होतो.
हे खेळात कुठे लिहिलेलं नाही.
मी वहीत मांडून काढलंय,
ज्या घड्याळावर सलाइनचे थेंब मोजते
तेच घड्याळ समोर ठेवून.

आमच्या थर्मोस्टॅटवर त्यानं टेप लावलीय, सतराच्या आकड्यावर.
वरच्या छोट्या खोलीत तीन वर्षं
त्याची सायकल आहे, रंगाचे डबे आहेत,
पिवळ्या रंगाचा एक न उघडलेला.

मी तटबंदीला हात लावला नाही.
काटकसर उपसली, तिथे अन्नछत्र घातलं.
भिंतीआड जेवणावळी:
कागदावर हे जमू नये.
पण लोक येतात, कुरकुरतात, ताटं मागतात, राहतात.
फेरी संपवली.
बिलावर लिहिलं: दहा फेऱ्या थांब. मग बोल.
आणि पडदे ओढून झोपले.

संध्याकाळी आमची चाळीस मिनिटं.
भात त्यानं लावलेला. पडद्यावर वाकून म्हणाला,
"तिजोरी उणे चार."
"दिसतंय."
"दर फेरीला उणे चार, मृणाल."
"लोणचं दे."
मग माझी बस.

आज सकाळी दार उघडलं तर
पॅसेजमध्ये अंधारात काहीतरी आडवं.
गुडघा असा आपटला की आई आठवली.
दिवा लावला: सायकल.
हँडलला अजून वरच्या खोलीतली जळमटं.

चिठ्ठीत तिचा उल्लेख नाही.
चिठ्ठीत एवढंच:
अन्नछत्र राहू दे.
मालवणला बोटी लागतील. आता तू.