मोकळा रकाना

शनिवारी पहिली पाळी सुटली की
कागलहून वडापनं शहरात येतो.
मांडीवर डबा, डब्यावर वही,
अंगाला पावडरीचा वास, दोनदा साबण लावला तरी राहणारा,
कडसर, पांढरा, पगारासारखा.

कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर पदव्युत्तर पदविका:
उत्तम उत्पादन पद्धती, औषधनिर्माण व संलग्न उद्योग.
आम्ही बावीस जण.
निम्मी पोरं ताजी बी. फार्म., त्यांची दप्तरंसुद्धा नवी.
दोघी गोकुळ शिरगावच्या मलमाच्या कारखान्यातल्या.
एक पशुखाद्यवाला, मागं बसतो, प्रश्न बरे विचारतो.
आणि मी. अकरा वर्षं गोळ्या दाबतोय,
मशीनचा आवाज बदलला तर झोपेत कळतं,
पण 'व्हॅलिडेशन' लिहिताना अजून अडखळतो.

मुजावर मॅडमनी फळ्यावर लिहिलं,
जे लिहिलं नाही ते घडलं नाही.
खडू ठेवला, हात झटकले.
'आता हे उलटं करून सांगा.'
कुणी बोलेना.
खाली कुणाची तरी बुलेट चालू होत नव्हती,
किक, किक, शिवी, किक.
'जे लिहिलंय ते घडलंच असेल असं नाही,'
पशुखाद्यवाला म्हणाला.
मॅडम त्याच्याकडं बघून हसल्या.
मला वाटलं, माझ्याकडं बघून.

पुराचं साल.
तीन दिवस लाईट नव्हती, जनरेटरचं डिझेल संपलेलं,
आम्हाला घरी धाडलेलं.
चौथ्या दिवशी चौगुले साहेबांनी
आर्द्रतेचं रजिस्टर पुढं सरकवलं.
'ऑडिट हाय. रकाने मोकळे दिसायला नकोत.'
अठरा रकाने.
मी भरले. चव्वेचाळीस टक्के, त्रेचाळीस, पुन्हा चव्वेचाळीस,
मध्येच एक सेहेचाळीस,
कारण खरी हवा कधी एकसारखी नसते,
एवढं ज्ञान मला कोर्सआधीच होतं.
दोनदा पेनही बदललं.
ज्या खोलीत अंधार होता, कुणीच नव्हतं,
तिथं मी अठरा वेळा उभा राहिलो
आणि सही केली.

माल गेला. कुठल्या गावी, कुणाच्या उशाशी,
ते त्या बॅच नंबरला माहीत.
तक्रार आली नाही.
हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय.

सुभाषनगरात आई चपला शिवते.
काल एक वेणी चुकली, तिनं उसवली,
पुन्हा ओवताना पुटपुटली,
'वादी काढता येती रं, आरीचं भोक बुजत न्हाई.'
चप्पल बाजूला ठेवली. विकायची नाही,
घरात घालायला होईल म्हणाली.
मॅडमच्या तासाला खाडाखोड हा विषय दीड तास चालला होता.
पांढरा रंग लावायचा नाही, गिरवायचं नाही,
एकच आडवी रेघ,
खालचं चुकलेलं वाचता आलं पाहिजे,
शेजारी सही, तारीख, कारण.
आईनं ते सहा शब्दांत संपवलं
आणि तोंडात सुपारी टाकली.

गृहपाठ आलाय:
आपल्या कामातलं एक डेव्हिएशन नोंदवा.
नव्या पोरांनी पुस्तकातलं उतरवलं असणार,
ग्लोव्हज फाटले, लेबल तिरकं बसलं.
मी रात्री साडेअकराला बसलो.
काय घडलं: लिहिलं.
कधी: लिहिलं.
कुणी: इथं हात थांबला,
चौगुले साहेबांचं नाव आलं, त्यावर एक आडवी रेघ ओढली,
शेजारी माझं लिहिलं.
मग साहेबांचंही पुन्हा लिहिलं. दोघं होतो.
सही. तारीख आजची, मागची नाही.

शेवटचा रकाना, 'पुन्हा घडू नये म्हणून'.
सोमवारी प्लँटला हा कागद कुणाच्या टेबलावर ठेवू,
की फक्त मॅडमना देऊ, दहापैकी गुण घेऊ,
ठरेना.

तो मोकळा ठेवलाय.
मोकळा दिसू दे.